चेतना : शरीराची, मनाची आणि गावाची

(ग्रामदेवतेच्या मंदिराच्या जीर्णोद्धार सोहळ्यात, कलशारोहणाच्या आदल्या रात्री सभामंडपात केलेले भाषण. वक्ते : तालुका कचेरीतील एक लिपिक, लांजा)



मी काही विद्वान नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. नोकरी कचेरीतली, आवक-जावकाच्या नोंदी आणि फेरफाराच्या कागदांतली. समितीने जेव्हा सांगितले की सोहळ्यात दोन शब्द बोला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. देव-धर्मावर बोलणारी माणसे पुष्कळ आहेत आणि ती माझ्याहून जाणती आहेत. पण गेली दोन वर्षे घरातल्या एका प्रसंगामुळे एक गोष्ट मनात घोळत राहिली आहे. तीच आपल्यापुढे मांडतो. ती गोष्ट म्हणजे चेतना. शरीराला चालना कशी मिळते, मनाला कशी मिळते, ती कमी पडली तर काय होते आणि जास्त झाली तर काय होते, एवढाच आजचा विषय आहे.

चेतवणे या शब्दाचा अर्थ आपल्या आया-बहिणींना सांगायला नको. पहाटे उठायचे, चुलीतली राख उकरायची, तळाचा निखारा वर आणायचा, त्यावर शेणीचा तुकडा आणि चार काटक्या ठेवायच्या आणि फुंकणीने फुंकर घालायची. क्षणात जाळ धरतो. आता विचार करा, विस्तव आला कोठून? फुंकणीत तर विस्तव नव्हता. विस्तव निखाऱ्यातच होता, फुंकरीने तो जागा झाला. फुंकर घातलीच नाही तर निखारा राखेत विझून जातो. फार जोराची घातली तर राख उडून आपल्याच डोळ्यांत जाते. मंडळी, माझे सगळे भाषण खरे म्हणजे एवढेच आहे. बाकीचा विस्तार.

दुसरा शब्द उत्तेजन. संस्कृतात या शब्दाचा एक अर्थ शस्त्राला धार लावणे, पाजवणे असा आहे. आपण कोयता दगडावर पाजवतो, तेव्हा कोयत्याला बाहेरून काही चिकटवत नाही. त्याच्याच लोखंडातली धार उघडी करतो. आपल्या जुन्या पिढीला हा शब्द फार प्रिय होता. पुण्यात 1875 साली वेदशास्त्रोत्तेजक सभा स्थापन झाली. 1894 साली सुरू झालेल्या दुसऱ्या एका संस्थेला ग्रंथोत्तेजक असे नाव मिळाले. चांगले बोलणारे तयार व्हावेत म्हणून वक्तृत्वोत्तेजक सभा निघाली. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसे या कामांत पुढे होती. नुसते चांगले ग्रंथ व्हावेत म्हणून भागत नाही, लिहिणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवावा लागतो, हे त्या लोकांना कळले होते.

आणि उत्तेजनार्थ बक्षीस तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. पहिला, दुसरा, तिसरा नंबर झाला की उरलेल्यांपैकी एक-दोघांना ते देतात. मी सहावीत असताना वक्तृत्व स्पर्धेत उभा राहिलो. चार वाक्ये बोललो, पाचवे आठवेना. खाली मान घालून तसाच उभा राहिलो, पण पळून गेलो नाही. बहुधा एवढ्यावरच मला उत्तेजनार्थ म्हणून एक दोनशे पानी वही मिळाली. घरी आलो आणि आईला म्हटले, "नंबर नाही आला, नुसते उत्तेजनार्थ आहे." आई चुलीपुढे होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिने विचारले, "म्हणजे रे काय?" मी सांगितले, पुढच्या वेळी चांगले कर म्हणून देतात. ती म्हणाली, "मग ती पुढल्या वर्षाची फुंकर हाय. विझू देऊ नको म्हणजे झालं." आज आपल्यासमोर उभा राहून पाचवे वाक्यही बोललो, ते त्या फुंकरीच्या जोरावर.

आता शरीराकडे वळू. पावसाळ्यात बांधावर, गडग्याच्या कडेला लाजाळूचे झुडूप उगवते. मुलांनो, तुम्ही सगळ्यांनी तिच्या पानांना बोट लावले आहे. बोट लागताच पाने मिटतात. त्या पानांना ना स्नायू ना मेंदू. पण स्पर्शाची खबर देठापर्यंत जाते, देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींतले पाणी बाहेर सरते आणि पान ढिले होऊन मिटते. कलकत्त्याचे आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी या लाजाळूवर आणि इतर वनस्पतींवर अनेक वर्षे प्रयोग केले, वनस्पतीची अगदी बारीक वाढ मोजणारी यंत्रे स्वतः बनवली आणि 1917 साली आपली संशोधन संस्था उभी केली. झाडालाही चेतना लागते आणि झाडही तिला उत्तर देते, हे त्यांनी जगाला मोजून दाखवले.

आपल्या देहातही तसेच चालते, फक्त फार वेगाने. पायाला काटा बोचला की खबर मज्जातंतूंतून धावत निघते. काही तंतूंत तिचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात असतो. डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय आपोआप उडतो. ते उत्तर मेंदूपर्यंतही जात नाही, पाठीच्या कण्यातूनच परत येते. जणू काही गावातला तंटा गावकीतच मिटला, तालुक्याला जावेच लागले नाही.

आणि हृदय! त्याच्या वरच्या उजव्या भागात तांदळाच्या दाण्यासारखी एक छोटीशी गाठ आहे. ती ठरावीक वेळाने स्वतःच विजेचा बारीकसा झटका देते आणि हृदयाचा ठोका पडतो. दिवसाला सुमारे एक लाख वेळा ती हे काम करते, तेही रजा न घेता. ती मंदावली तर हल्ली पेसमेकर नावाचे यंत्र छातीत बसवतात आणि ते बाहेरून तसाच झटका देते. आपल्या ओळखीतले किती तरी लोक या यंत्रावर आज शेतीवाडी पाहत आहेत. शरीराला चेतना म्हणजे काय, याचे याहून उघड उदाहरण कोणते द्यावे?

आता चेतना बंद पडली तर काय होते ते पाहू. कुष्ठरोगाविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. लोक म्हणतात, रोगाने बोटे झडतात. तसे नाही. त्या रोगात मज्जातंतू बधिर होतात. हात चुलीवर भाजला तरी कळत नाही, पायात काच गेली तरी कळत नाही. जखम चिघळते, माणूस तसाच चालत राहतो आणि शेवटी बोटे जातात. म्हणजे वेदना हा आपला शत्रू नसून पहारेकरी आहे. पहारेकरी झोपला की घर लुटले जाते. बाबा आमटे यांनी 1949 साली वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले, तेथे या रुग्णांना नुसते औषध दिले नाही, हाताला काम दिले. शेती, सुतारकाम, विणकाम. औषधाने रोग जातो, पण "मी उपयोगाचा आहे" ही मनाची चेतना कामाने परत येते, हे त्यांनी ओळखले होते. आज हा रोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. कोणाच्या अंगावर बधिर चट्टा असेल तर लपवू नये, एवढी विनंती जाता जाता करतो.

तान्ह्या मुलाचेही तसेच. डोळे जन्मतः असतात, पण पाहायला शिकावे लागते. ह्यूबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवून पाहिला. नंतर तो उघडला तरी त्या डोळ्याने पिलाला नीट दिसेना, कारण योग्य वयात त्याला उजेडाची चेतना मिळाली नव्हती. या आणि अशा संशोधनाबद्दल त्यांना 1981 साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच तान्ह्या मुलाला मोतीबिंदू असेल तर डॉक्टर मोठा होईपर्यंत थांबू देत नाहीत. आपल्या आज्या बाळाला पायांवर घेऊन तेल लावीत, अंगाई म्हणत, बडबडत. त्यांनी हे संशोधन वाचले नव्हते, पण मूल स्पर्शाने आणि आवाजाने फुलते हे त्यांना माहीत होते. हल्ली आपण मूल रडले की त्याच्या हातात मोबाईल देतो. मूल गप्प होते हे खरे. पण गप्प झाले म्हणजे फुलले असे नव्हे.

आता सुरुवातीला म्हटलेल्या प्रसंगाकडे येतो. तो सांगताना मला संकोच होतो, कारण त्यात चूक माझी आहे. पण ती सांगितली तर या मंडपातल्या एखाद्या घराचा उपयोग होईल.

दोन वर्षांपूर्वी, भाताची कापणी आटोपल्यावर, एका रात्री जेवताना आईच्या हातातून घास गळला. तोंड एका बाजूला किंचित वाकडे झाले आणि बोलणे जड झाले. मला वाटले, दिवसभर खळ्यावर उन्हात होती, थकली असेल. अंगारा लावला, हातापायांना तेल चोळले आणि सकाळी पाहू म्हणून निजवले. सकाळी उजवे अंग हलेना. मग धावाधाव करून रत्नागिरीला नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "हे किती वाजता सुरू झाले?" मी सांगितले, रात्री आठला. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मी समजलो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. माझी रात्र अंगारा लावण्यात गेली होती. मी देवाला दोष देत नाही आणि अंगाऱ्यालाही देत नाही. अंगारा लावून लगेच गाडी बोलवायला देवाने मला मना केले नव्हते.

तेव्हा बंधूंनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे. यांतले एक जरी अचानक दिसले तरी सकाळची वाट पाहू नका. 108 क्रमांकाला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या दवाखान्यात जा.

आई वाचली. पण उजवा हात मेलेल्या माशासारखा पडून असे. डॉक्टरांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे पाठवले. त्या बाई म्हणाल्या, "हात बरा आहे. मेंदूतला जो भाग हाताला हुकूम देई तो बिघडला आहे. पण मेंदूचे शेजारचे भाग ते काम शिकू शकतात. मात्र हाताकडून रोज, पुन्हा पुन्हा काम मागितले तरच. हात झोळीत ठेवून दिलात तर मेंदू त्याला विसरून जाईल." कचेरीतल्या माणसाला हे चटकन समजले. एखाद्या टेबलाकडे कागद जाणे बंद झाले की ते टेबल असून नसल्यासारखे होते.

आम्ही सुरुवात केली. रोज सकाळ-संध्याकाळ. प्रथम नुसता स्पर्श, मऊ फडके, मग खरखरीत गोणपाट, गरम पाण्याचा तांब्या, थंड पाण्याचा तांब्या. मग बोटे उघडायची, मिटायची. पहिला महिनाभर काही दिसेना. आई कंटाळे. एकदा रडलीसुद्धा. म्हणाली, "कशाला छळतोस, निजू दे मला." माझ्या बायकोने तेव्हा एक युक्ती केली. व्यायामाचा चेंडू बाजूला ठेवला आणि आईच्या पुढ्यात कापूस ठेवला. म्हणाली, "आई, देवळासाठी फुलवाती वळायच्या आहेत. माझ्याच्याने एवढ्या होत नाहीत." वर्षानुवर्षे आपल्या या देवळाच्या वाती आईच वळीत आली होती, हे तुम्हांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

आईने डाव्या हाताने कापूस उचलला आणि उजव्या हाताच्या बोटांत ठेवला. वात झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पण त्या दिवसापासून "कशाला छळतोस" हे बंद झाले. चेंडू दाबायला तिला कंटाळा येई, कापसाला येत नसे. सुमारे चार महिन्यांनी एक वात झाली. वाकडी, गाठाळ, मध्येच जाड आणि मध्येच बारीक. आठव्या महिन्यात ती दिवसाला दहा-बारा वळू लागली. आजही तिचा हात पूर्वीसारखा नाही आणि होणारही नाही. पण घास स्वतः उचलते. आज संध्याकाळी गाभाऱ्यात जे निरांजन लागले, त्यातली वात जरा वाकडी दिसली असेल, तर गुरवांना बोल लावू नका. ती आमच्या घरची आहे.

यातून मी जे शिकलो ते सांगतो. शरीराला चेतना देण्याचे पुष्कळ उपाय आहेत, पण शरीराची चेतना आणि मनाची चेतना एकाच दोरीची दोन टोके आहेत. व्यायाम तोच होता, बोटेही तीच होती. पण चेंडू कोणासाठी दाबायचा हे आईला कळत नव्हते आणि वात कोणासाठी वळायची हे कळत होते.

आता दुसरी बाजू. चेतना चांगली म्हणून ती जितकी जास्त तितकी चांगली, असे मात्र नाही.

लाजाळूला तुम्ही पुन्हा पुन्हा सारखेच धक्के देत राहिलात आणि तिला काही इजा झाली नाही, तर काही वेळाने ती पाने मिटायची थांबते. तिला कळते की ही रोजचीच कटकट आहे. कुठल्याही कचेरीत हेच घडते. पत्राला उत्तर आले नाही की पहिले स्मरणपत्र जाते. मग दुसरे. मग अर्धशासकीय पत्र. शेवटी कारणे दाखवा नोटीस. पूर्वी एखाद्याच कागदावर "तातडीचे" असे लाल शाईने लिहिलेले असे आणि तो कागद हातात आला की माणूस खुर्चीतून उठे. हल्ली प्रत्येक कागद तातडीचा, अर्धे अत्यंत तातडीचे आणि उरलेले कालमर्यादित. त्यामुळे सगळेच कागद एकमेकांच्या अंगावर शांतपणे पडून असतात. जे नेहमीच ओरडते ते ऐकू येईनासे होते. घरात मुलांवर दिवसभर ओरडणाऱ्या आईबापांनीही हे ध्यानात घ्यावे.

चहाचे घ्या. आपल्या पाहुणचारात चहा नाही असे घर नाही आणि मीही पितो. पण चहा शक्ती देत नाही. थकव्याची जी खबर मेंदूला जायची ती चहातले द्रव्य काही काळ अडवून धरते. थकवा तसाच असतो, फक्त टपाल थांबलेले असते. सरकारी नोकरांना सणासाठी अग्रिम मिळतो. हातात पैसे पडले की बरे वाटते, पण पुढे दरमहा पगारातून हप्ता कापला जातो. चहाची हुशारी अशी अग्रिमाची आहे. एक-दोन कप चालतील, पण अग्रिमावर संसार होत नाही.

तंबाखूबद्दल मी स्वतःचेच सांगतो. मार्चअखेरच्या कामाला रात्री जागावे लागे, म्हणून तंबाखूचा बार भरायची सवय लागली. प्रथम एका बाराने तरतरी येई, मग दोन लागले, मग बार नसला तर आकडे दिसेनात. म्हणजे जी चीज मला जागे करायला आली, तिच्यावाचून मला जागेच राहता येईना. आईच्या दुखण्यात डॉक्टरांनी माझाही रक्तदाब पाहिला आणि तो चढलेला निघाला. त्या दिवशी चुना-तंबाखूची डबी रत्नागिरीच्या स्टँडवर टाकली. पहिले पंधरा दिवस फार वाईट गेले. नंतर सुटली. मशेरी लावणाऱ्या माझ्या माता-भगिनींनो, मशेरी ही तंबाखूच आहे. तोंडाच्या कर्करोगाला ती ओळखते, दातांची काळजी करीत नाही. आणि दारूबद्दल तर असा समज आहे की तिने हुशारी येते, धीर येतो. खरे म्हणजे दारू कोणाला जागे करीत नाही. ती मेंदूतला लगाम धरणारा हात झोपवते. लगाम सुटलेला बैल वेगाने धावतो म्हणून तो ताकदवान झाला असे कोणी म्हणत नाही.

आपल्या आंब्याचेही यात एक उदाहरण आहे. हापूस एक वर्षाआड धरतो, ही आपल्या बागायतदारांची जुनी तक्रार. झाड एका वर्षी भरपूर देते आणि पुढच्या वर्षी पालवीच काढत बसते. दापोलीला 1972 साली कृषी विद्यापीठ झाले. तेथील शास्त्रज्ञांनी पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे आपण ज्याला कल्टार म्हणतो, त्याचा अभ्यास करून हापूससाठी शिफारस केली. जुलै-ऑगस्टच्या सुमारास ते झाडाच्या बुंध्याभोवती, पसाऱ्याच्या मापाने मोजून घालतात. गंमत अशी की हे द्रव्य झाडाला ढकलत नाही, ते झाडाची वाढ आवरते. पालवीकडे धावणारा जोर थांबतो आणि तोच जोर मोहोराकडे वळतो. म्हणजे आवर घालणे हीसुद्धा एक चेतनाच आहे. आपण एकादशी करतो, श्रावण पाळतो, त्यामागे हाच विचार असावा असे मला वाटते. पण पुढची गोष्टही बागायतदारांना माहीत आहे. मापाबाहेर कल्टार घातले, किंवा झाडाला खत-पाणी न देता दरवर्षी नुसता मोहोरच मागितला, तर झाड थकते. मग कितीही घाला. कसून कमावणाऱ्या मुलांच्या आईबापांनी आणि मुलांना चार-चार शिकवण्या लावणाऱ्यांनीही हे झाड आठवावे.

मनाच्या चेतनेबद्दल थोडे बोलतो आणि संपवतो. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याने एक मोठे उदाहरण दिले आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म 1858 साली खेड तालुक्यातल्या शेरवलीचा, बालपण दापोलीजवळच्या मुरूडचे. सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा मित्रांबरोबर घाट चढून पायी साताऱ्याला गेला. तेथे परीक्षा घेणाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेलाच बसू दिले नाही. एवढी पायपीट फुकट. दुसरा एखादा तेथेच विझला असता. हा मुलगा परत आला, पुन्हा परीक्षेला बसला आणि पास झाला. पुढे त्याने विधवांसाठी आश्रम काढला आणि 1916 साली स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन केले. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. नकाराचा तो फटका फुंकर ठरला, कारण आत निखारा होता. पण बंधूंनो, यावरून मुलांना फटकेच द्यावेत असे कोणी समजू नये. कर्वे एखादाच. नकाराने पेटणारे थोडे आणि विझणारे फार. म्हणून शंभर मुलांच्या गावात फटक्यापेक्षा उत्तेजनार्थ वहीचा हिशेब अधिक फायद्याचा पडतो.

आता आपल्या देवळाकडे येतो. देवळात शिरताना घंटा वाजवतो. घंटेने रोग बरे होतात असे मी म्हणणार नाही, कारण मला तसे माहीत नाही. पण बाजारातून, कोर्टकज्ज्यातून, घरच्या कटकटीतून आलेल्या मनाला ती एकदा सांगते की आता इकडे पाहा. आणि घंटा एकदाच वाजवायची असते. नंतर गाभाऱ्यात शांत उभे राहायचे असते. शिमग्यात पालखी नाचते, ढोल घुमतात, निशाणे उठतात. वर्षभर जे भाऊ बांधावरून बोलत नव्हते, ते पालखीच्या एका दांडीखाली खांदा देतात. शिमगा झाला की देवी पुन्हा आपल्या जागी बसते आणि आपण भाजावळीच्या कामाला लागतो. आपल्या पूर्वजांनी चेतना आणि शांती यांचे हे माप फार जाणतेपणाने बांधले होते. बारा महिने शिमगा नको आणि बारा महिने सामसूमही नको.

आज सामसुमीचे भय अधिक आहे. आपल्या वाड्यांतून फिरून पाहा. किती घरांना कुलुपे आहेत ते मोजायचे धैर्य मला होत नाही. जी उघडी आहेत त्यांतल्या कित्येकांत एक म्हातारा आणि एक म्हातारी, आणि दोघांत बोलायला नवे काही उरलेले नाही. पडवीत बसायचे आणि महामार्गावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे. आईच्या हाताबद्दल त्या बाईंनी सांगितले तेच येथे लागू आहे. ज्याच्याकडून काही मागितले जात नाही, ते अंग हळूहळू विसरले जाते.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली समितीला आणि ग्रामस्थांना. हा सभामंडप आपण एवढा ऐसपैस बांधला आहे. त्याला वर्षातून चार दिवसच माणसे दिसू देऊ नका. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या वेळी येथे मुलांनी यावे, लेझीम करावी, पाढे म्हणावेत. म्हाताऱ्या माणसांनी त्यांना नमनाची गाणी शिकवावीत, जाखडीचा ठेका शिकवावा, देवाच्या वाती वळायला शिकवावे. यासाठी पैसा लागत नाही, एक सतरंजी आणि एक दिवा लागतो. मुलांना वळण लागेल आणि म्हाताऱ्यांकडून कोणी काही मागते आहे असे त्यांना वाटेल.

दुसरी विनंती देणगीदार बांधवांना. आपण पोटाला चिमटा घेऊन देणग्या पाठवल्यात, त्याबद्दल गाव ऋणी आहे. समितीने प्रत्येकाला पावती दिली आहे. पण तुमच्या घरीही एकेक जुने देऊळ आहे आणि त्याचाही जीर्णोद्धार बाकी असेल. आठवड्यातून दोनदा फोन करा. आणि फोनवर नुसते "तब्येत कशी आहे" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर "बरी आहे" एवढेच येते. त्यांना काही तरी विचारा, ज्याचे उत्तर फक्त त्यांनाच येते. फणसाची भाजी कशी करायची, अमक्या बांधाची हद्द कोठून, पणजोबांचे नाव काय. मागा, म्हणजे ते जागे राहतील.

असो. वेळ बराच झाला. मी बोलता बोलता कोणाचे मन दुखावले असेल तर लहान समजून क्षमा करावी. हे देऊळ नवे झाले, पण आतला देव जुनाच आहे. निखारा जुनाच असतो, मंडळी. राख झाडून फुंकर घालणे एवढेच आपल्या पिढीचे काम होते, ते आपण सर्वांनी मिळून केले. पुढच्या पिढीने ते विझू देऊ नये.

ग्रामदेवता सर्वांचे भले करो.